पाक पाणी आणि पिण्याचे पाणी



आपल्या मकतबमधील मूल नमाज शिकण्याआधी पाण्याविषयी शिकते. फिक्हचा कोणताही ग्रंथ उघडला तर पहिले प्रकरण तहारतचे असते आणि त्यातही आरंभ पाण्यापासून होतो. कोणते पाणी पाक, कोणते नापाक, वाहत्या पाण्याचा हुकूम काय, साचलेल्या पाण्याचा काय, हे सारे सहा-सात वर्षांचे मूल पाठ करते. हनफी घरातील मुलगा ‘दह-दर-दह’ हौदाचे माप शिकतो, तर कोकणातून येऊन चिंचवड-पिंपरीत स्थायिक झालेल्या शाफई घरातील मुलगी ‘कुल्लतैन’चा हिशेब शिकते. पाण्याच्या शुद्धतेचे नियम ज्या समाजात धर्मकर्तव्य म्हणून बालवयातच शिकविले जातात, असे समाज थोडे.

परंतु हा धडा आपण वुजूखान्याच्या तोटीपाशी संपवतो. तोटीतून पडलेल्या पाण्याचा हुकूम आपणास ठाऊक असतो; ते पाणी तोटीपर्यंत कोठून आले, वाटेत त्यात काय मिसळले, आणि आपल्या मोरीतून निघून ते पुढे कोणाच्या पेल्यात जाणार आहे, हे आपण मुलांना सांगत नाही. कारण ते आपणासच कोणी सांगितलेले नसते. पाण्याच्या उगमाचे रक्षण आणि त्याविषयीचे लोकशिक्षण हे महापालिकेचे किंवा स्वयंसेवी संस्थांचे काम आहे, मशिदीचे नव्हे, असा एक समज आपल्यात रुजला आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणुकीत या समजाला आधार सापडत नाही.

आधी आपल्या पाण्याची ओळख करून घेऊ. सह्याद्रीत उगम पावणारी पवना मावळात धरणात अडते. धरणातून सोडलेले पाणी जलवाहिनीतून नव्हे, तर नदीच्याच उघड्या पात्रातून गावे, शेते, फार्महाऊस आणि वाढत्या वसाहती ओलांडत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथे महापालिका ते उचलते, निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करते आणि मग ते आपल्या घरी पोहोचते. शहर वाढले, पाणी पुरेना, म्हणून नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. पवनेचे पाणी अपुरे पडते म्हणून आंद्रा आणि भामा आसखेड या धरणांतून मिळून दररोज 267 दशलक्ष लिटर पाणी शहरासाठी राखून ठेवण्यात आले. त्यांपैकी आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून वाहत येते, निघोजे येथे उचलले जाते आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होते. म्हणजे आपण जे पितो ते मुख्यतः उघड्या नदीचे पाणी आहे. आपल्यापर्यंत येईतो शेकडो हातांनी त्याला स्पर्श केलेला असतो.

कुरआनच्या सूरह अल-वाकिआमध्ये (आयत 68 ते 70) अल्लाह मनुष्याला विचारतो की, तुम्ही जे पाणी पिता त्याकडे कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? ढगांतून ते तुम्ही उतरविता की आम्ही? आम्ही ठरविले असते तर ते खारट करून टाकले असते. मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही? सूरह अल-मुल्कच्या शेवटच्या आयतीत हाच प्रश्न आणखी धारदार होतो : तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले तर वाहते पाणी तुम्हास कोण आणून देईल? या आयती आपण तिलावतमध्ये वारंवार वाचतो. ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी त्यांचा अर्थ अधिक कळतो, एवढेच.

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. पाण्यात नजासत पडून त्याचा रंग, वास किंवा चव बदलली की ते नापाक ठरते, हा नियम आपण शिकलो. वाहते पाणी आणि मोठा जलसाठा यांच्या बाबतीत तर या तीन खुणा दिसेपर्यंत पाणी पाकच मानले जाते. शरीअतने दिलेली ही मोठी सवलत आहे. अरबस्तानासारख्या कोरड्या प्रदेशात आणि प्रवासात तिने नमाज सोपी केली. मात्र हा नियम वुजू आणि गुस्लचा आहे. ‘या पाण्याने वुजू होईल काय’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ‘हे पाणी माझ्या मुलाला पाजावे काय’ या प्रश्नाचे नव्हे. आपण नकळत दोन्ही प्रश्न एक करून टाकले आहेत. पाणी नितळ दिसले, वास आला नाही, की ते पाक, आणि पाक म्हणजे पिण्यास योग्य, असा आपला सरळ हिशेब असतो.

हा हिशेब किती महाग पडतो ते जानेवारी 2025 मध्ये पुणे परिसराने पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. या आजारात शरीराची रोगप्रतिकार व्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. आधी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा, मग हात लुळे पडणे, आणि गंभीर रुग्णाला श्वासासाठी यंत्राचा आधार. अनेकदा या आजाराच्या आधी पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. हा जिवाणू पेल्यातील पाण्याचा रंग बदलत नाही, वास देत नाही, चव बिघडवत नाही. त्या पाण्याने केलेला वुजू रंग-वास-चवीच्या नियमाने कदाचित दुरुस्तही ठरला असता. तेच पाणी पोटात गेल्यावर मात्र धडधाकट तरुण अतिदक्षता विभागात पोहोचला.

येथे कोणी म्हणेल की, मग फिक्हचा नियम अपुरा आहे काय? मुळीच नाही. फिक्हमध्येच दुसरा नियमही आहे : स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, या आशयाची हदीस इब्ने माजा यांनी नोंदविली असून उलमांनी तिला शरीअतच्या पायाभूत तत्त्वांत स्थान दिले आहे. जे वुजूसाठी पाक आहे पण जिवाला अपायकारक आहे, ते पिणे आणि जाणूनबुजून दुसऱ्यास पाजणे या दुसऱ्या नियमाने वर्ज्य ठरते. आपण पहिला नियम मकतबमध्ये शिकविला आणि दुसरा ग्रंथातच राहू दिला.

पाण्याच्या उगमाविषयी प्रेषितांनी (सल्ल.) काय शिकविले ते आता पाहू. मला वाटते, या हदीसी आपण ‘शिष्टाचार’ या सदरात टाकून त्यांचे वजन कमी केले आहे.

ह. मुआज बिन जबल (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद यांनी नोंदविलेल्या हदीसमध्ये शापाला कारण होणाऱ्या तीन कृत्यांपासून दूर राहण्यास सांगितले आहे : लोक जेथे पाणी भरण्यास येतात तेथे, रस्त्याच्या मधोमध आणि सावलीच्या जागी शौच करणे. तीन जागांत पहिली जागा पाणवठ्याची आहे. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात लघवी करू नये, ही मनाई बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आहे. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याखेरीज पाण्याच्या भांड्यात घालू नये, कारण रात्री आपला हात कोठे होता हे माणसास ठाऊक नसते. हे कारण खुद्द हदीसमध्ये दिलेले आहे. रात्री भांडी झाकावीत, पाण्याच्या पखालींची तोंडे बांधावीत. मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसमध्ये भांडी झाकण्याचा संबंध रोगाच्या साथीशी जोडला आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र शोधले जाण्यापूर्वी हजार वर्षे हे सांगितले गेले, याचा आपण भाषणांतून अभिमान बाळगतो. अभिमानाने इमारतीच्या गच्चीवरील टाकीला झाकण बसत नाही. आपल्या किती वसाहतींत गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटलेले असते आणि त्यावर फरशीचा तुकडा ठेवून वर्षे काढली जातात, हे वाचकांनी आपल्याच इमारतीत एकदा चढून पाहावे.

याहून पुढची शिकवण विहिरीच्या ‘हरीम’ची आहे. विहीर खोदणाऱ्याला तिच्या भोवतालची चाळीस हात जागा मिळते, तीत दुसऱ्याने अतिक्रमण करू नये, अशी हदीस इब्ने माजामध्ये आहे. उलमांनी या ‘हरीम’वर सविस्तर चर्चा केली : शेजाऱ्याने किती अंतरावर विहीर खोदावी, जेणेकरून पहिल्या विहिरीचे पाणी ओढले जाणार नाही, शौचकूप किती दूर असावा, जेणेकरून घाण झिरपणार नाही. आपल्या महाराष्ट्राने 1993 साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवीन विहीर खोदण्यास निर्बंध घातला. अंतर वेगळे, काळ वेगळा. पण पाण्याच्या उगमाभोवती एक मर्यादा असते आणि ती सर्वांनी पाळावयाची असते, हा विचार तोच. ज्या समाजाच्या धर्मग्रंथांत ‘हरीम’ हा शब्द आहे, त्याला हा कायदा परका वाटण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना उदाहरण हवे त्यांच्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. खडकी येथे (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली ती जमिनीखालून, झाकलेली. मधे मधे गाळ काढण्यासाठी आणि तपासणीसाठी जागा ठेवल्या. पाणी आणणे जितके महत्त्वाचे तितकेच ते वाटेत न बिघडू देणे, हे त्या हबशी वजीराला कळले होते. पाणचक्कीला सहलीस जाणारी आपली कुटुंबे छायाचित्रे काढतात. मुलांना हे एक वाक्य सांगितले तर सहल सार्थकी लागेल.

प्रेषितांनी (सल्ल.) काय शिकविले याबरोबरच कसे शिकविले, हेही पाहिले पाहिजे. लोकशिक्षण हा शब्द आज नवा वाटतो. मदीनेत ते नित्य चालू होते.

एक खेडूत मस्जिदे नबवीत आला आणि तेथेच लघवी करू लागला. सहाबा धावून गेले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबविले, त्या माणसाचे आटोपू दिले, मग त्या जागी पाण्याची एक बादली ओतविली आणि सहाबांना सांगितले की तुम्हास सुलभता निर्माण करण्यासाठी पाठविले आहे, अडचण निर्माण करण्यासाठी नव्हे. त्यानंतर त्या खेडुताला जवळ बोलावून मशिदी कशासाठी असतात हे समजावून दिले. या प्रसंगातील क्रम पाहावा : आधी अपमान टाळला, मग घाण दूर केली, मग कारण समजावले. आपल्या नदीकाठच्या ‘कचरा टाकणाऱ्यास दंड’ या पाट्यांशी हा क्रम ताडून पाहावा. दंड हवा, नाही असे नाही. परंतु ज्याला कारण कधी समजावले गेले नाही तो पाटीच्या आडून टाकतो.

दुसरा प्रसंग ह. मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांचा. काही तरुणांसह ते मदीनेस आले, वीस रात्री राहिले, शिकले. त्यांना घराची ओढ लागली आहे हे ओळखून प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना परत पाठविले आणि जाऊन आपल्या लोकांना शिकविण्यास सांगितले. म्हणजे थोड्यांना प्रशिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी आपल्या वस्तीत ते पोहोचवावयाचे.

आज ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या बाबतीत नेमकी हीच रीत चालते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातील पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवती कठडा आहे काय, सांडपाणी जवळ साचते काय, जनावरे धुतली जातात काय, ब्लिचिंग पावडरचा साठा आहे काय, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यालाही आपल्या गावाचे कार्ड लाल आहे एवढे कळते आणि तो सरपंचाला जाब विचारतो. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील निदान पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. पाणी भरणारी बाईच पाणी तपासते, यात शहाणपण आहे.

आपल्या शहरातही माणसे झटत आहेत. पवनेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो सुंदर दिसतो, पण नदीत मैला मिसळत असल्याची ती खूण असते. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबच्या पुढाकाराने अनेक संस्थांचे स्वयंसेवक रविवारी नदीत उतरून ती जलपर्णी काढत आले. डॉ. विश्वास येवले यांनी 2002 साली सुरू केलेली जलदिंडी आळंदीहून पंढरपूरपर्यंत नदीतून नावेने जाते आणि काठच्या शाळांत मुलांशी पाण्याविषयी बोलते. वारकरी परंपरेने आपल्या श्रद्धेतूनच नदीच्या शिक्षणाची वाट काढली. तहारतला ईमानाचा भाग मानणाऱ्या आपणाला आपली वाट अजून काढावयाची आहे. या कामात आपले तरुण एकटेदुकटे दिसतात, मशीद म्हणून आपण दिसत नाही, हे मला खटकते. भलाईच्या व ईशपरायणतेच्या कामात परस्परांशी सहकार्य करण्याचा आदेश सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे.

आता थोडा कटू विषय. बुखारीमधील जहाजाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. काही लोकांना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. ते म्हणाले, आपण आपल्याच भागात एक भोक पाडून पाणी घेऊ, वरच्यांना त्रास कशाला? वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील, हात धरला तर सारेच वाचतील. हे भोक पाडले जाते ते पाण्यासाठीच, आणि त्यामागचा हेतूही वाईट नाही. तरीही जहाज बुडते.

पवनेच्या खोऱ्यात आपण वरच्या मजल्यावर आहोत की खालच्या? दोन्ही. मावळातील शेतकऱ्यांच्या खाली आपण आहोत. त्यांच्या गावांतून वाहून आलेले पाणी आपण पितो. बंद जलवाहिनीच्या प्रश्नावर 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, याची आठवण आपल्या शहराने ठेवली पाहिजे. आपल्या नळासाठी वरच्या शेजाऱ्याचे मन वळविण्याऐवजी त्याच्यावर बळ वापरले गेले. आणि आपल्या खाली कोण आहे? रावेतला आपण स्वच्छ पाणी उचलून घेतो. चिंचवड, पिंपरी, कासारवाडीचे नाले त्याच्या खालच्या बाजूला पवनेस मिळतात. म्हणून आपली घाण आपल्या नळात येत नाही आणि आपणास तिची फिकीर वाटत नाही. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनी धरणात जाते. उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मिळते. चिंचवडमधील कितीतरी मुस्लिम कुटुंबांची सोयरीक सोलापुरात आहे. आपण नाल्यात जे सोडतो ते कोणा अनोळखी माणसाच्या नव्हे, आपल्या लेकीच्या सासरच्या माठाच्या दिशेने निघते.

वाहते पाणी पाक असते, या नियमाचा आधार घेऊन ‘नदी सगळे वाहून नेते’ असे म्हणणारे लोक भेटतात. वाहून नेते हे खरे. कोठे नेते, हेही पाहिले पाहिजे.

आपल्या बांधवांचे अनेक व्यवसाय पाण्याला थेट भिडतात. गॅरेज, भंगार, पावडर कोटिंग, रसायनांच्या रिकाम्या पिंपांची खरेदी-विक्री, कत्तलखाने आणि मांसाची दुकाने. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखलीलगतच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. हजारो हातांचा रोजगार गेला, त्यांत आपले लोक फार होते. त्या कारवाईत न्याय किती आणि अन्याय किती, यावर वेगळे लिहावे लागेल. परंतु ज्यांचे दुकान पुन्हा उभे राहील, मग ते चाकणला असो, भोसरीला असो, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या दुकानातील पिंप धुतलेले पाणी आणि गाडीतून काढलेले जुने ऑइल कोठे जाते? कमाई हलाल होण्यासाठी मालाची किंमत आणि मापच तेवढे पाहावयाचे नसते. चिखलीच्या बाजूचा नाला इंद्रायणीस मिळतो आणि इंद्रायणी आळंदीस जाते. तेथे लाखो वारकरी श्रद्धेने ते पाणी ओंजळीत घेतात. दुसऱ्याच्या ओंजळीत आपल्या कमाईचा गाळ जावा, हे कोणत्याही ईमानधारकास शोभणारे नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते : मोठे कारखाने सोडतात, महापालिकेचाच मैला पूर्ण शुद्ध न होता नदीत जातो, आम्हालाच का सांगता? तक्रार रास्त आहे. नदीचे मोठे नुकसान घरगुती मैल्याने आणि उद्योगांच्या सांडपाण्याने होते, भंगारवाल्याच्या एका पिंपाने नव्हे. त्यांच्याविरुद्ध बोलणे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करणे, नगरसेवकाला विचारणे हेही आपले कर्तव्य आहे. सत्ताधाऱ्यांशी खैरख्वाही राखणे याचा अर्थ त्यांना सत्य सांगणे असाच आहे. मात्र कियामतच्या दिवशी कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने वारंवार बजावले आहे. कारखान्याचे पाप कारखान्याच्या खात्यात लिहिले जाईल. त्यामुळे आपले खाते कोरे होत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कारखान्याकडे बोट दाखविता येत नाही, आणि ती जवळजवळ प्रत्येक गल्लीत घडते. नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणे. एक दिवसाआड पाणी येते, दाब कमी असतो, म्हणून लोक मोटार लावतात. यात शेजाऱ्याचा हक्क मारला जातो हे तर उघड आहे. पाण्यात मुस्लिम परस्परांचे भागीदार आहेत अशी हदीस अबू दाऊद यांनी नोंदविली आहे, आणि ही भागीदारी आपल्या गल्लीच्या जलवाहिनीलाही लागू होते. यात दुसरा धोकाही आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. जलवाहिनी भरलेली व दाबाखाली असते तोवर तिला बारीक छिद्र असले तरी पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते. त्यात कोणी मोटारीने खेचले की आत पोकळी निर्माण होते आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते. ज्याने मोटार लावली त्याच्याच नव्हे, पुढच्या दहा घरांच्या टाकीत ते उतरते. पहाटे तहज्जुदला उठून मोटार चालू करणारा सज्जन माणूस आपण काय करीत आहोत हे जाणत नाही. त्याला कोणी शिकविलेले नाही, आणि शिकविणे हे तर आपले काम होते.

तेव्हा चिंचवड-पिंपरीच्या मशिदी आणि मकतब काय करू शकतात? पावसाळा लागण्याआधीच्या एका जुम्याचे बयान पाण्यासाठी राखून ठेवावे, आणि त्यात जन्नतच्या नहरींबरोबर आपल्या गल्लीतील गटाराला लागून गेलेल्या नळजोडाचाही उल्लेख व्हावा. गळती दिसली तर महापालिकेच्या ‘सारथी’ हेल्पलाइनला कळवावे आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. हे काम मशीद कमिटीतील एकाने अंगावर घ्यावे. वुजूखान्याची तोटी बारीक सोडावी. प्रेषित (सल्ल.) एक मुद्द पाण्याने वुजू करीत, म्हणजे आजच्या मापाने साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी. वुजूचे वापरलेले पाणी गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा झाडांना द्यावे. बकरी ईदच्या दिवशी आतडी आणि रक्त नाल्यात जाऊ नये म्हणून आठवडाभर आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाशी बोलून गाडीची वेळ ठरवून घ्यावी आणि ती वेळ मशिदीच्या फलकावर लिहावी. ईदनंतर तक्रार करण्यापेक्षा हे सोपे असते.

महिलांचा इज्तेमा आपल्याकडे नियमित होतो. तेथे एकदा दर्सनंतर अर्धा तास द्यावा. पाणी गढूळ आले, वास आला किंवा वस्तीत जुलाबाची साथ आली तर पाण्याला खदखदून उकळी आणून, झाकून थंड करून प्यावे. मेडिक्लोरचे थेंब किती आणि किती वेळ, हे बाटलीवर लिहिलेले असते, ते मोठ्याने वाचून दाखवावे. पिंपातून पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. ही शेवटची गोष्ट सांगताना हात धुतल्याखेरीज भांड्यात न घालण्याची हदीस सांगावी. बहिणींना ती पाठ असते. पिंपाशी तिचा संबंध एकदा लक्षात आला की पुन्हा सांगावे लागत नाही.

आणि मकतबमधील मुलांसाठी एक प्रयोग. पाण्यातील जिवाणू ओळखण्याची ‘एच टू एस’ बाटली मिळते; तिची किंमत फार नसते. मशिदीच्या टाकीतील पाणी खुणेपर्यंत भरून ती झाकण लावून उबदार जागी ठेवावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे. ओटी चाचणीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे हे कळते. मुलांना आधी विचारावे : या पाण्याचा रंग बदललेला आहे काय, वास आहे काय, चव बदलली आहे काय? ते नाही म्हणतील. मग बाटली दोन दिवस त्यांच्यासमोर फळीवर राहू द्यावी. ती काळी पडली तर मशीद कमिटीने त्याच आठवड्यात टाकी रिकामी करून घासून घ्यावी, ब्लिचिंग पावडरने धुवावी, आणि पुन्हा बाटली भरताना मुलांना बोलवावे. काळी पडली नाही तर टाकीचे झाकण तपासून, दर तीन महिन्यांनी तीच बाटली नव्याने भरण्याचे काम त्यांतील मोठ्या मुलांकडे सोपवावे आणि निकालाची तारीख फलकावर नमाजच्या वेळांखाली लिहावी.